दुधाची दाढ: काढायची की वाचवायची?

पाच वर्षांच्या मुलीच्या मागच्या दुधाच्या दाढेजवळ हिरडीवर पुवाची पुटकुळी आली आहे, दाढ काढायची की वाचवायची, असा प्रश्न इथे विचारलाय. 'पडणारच आहे, मग रूट कॅनाल कशाला?' असं त्यावर दोघांनी लिहिलंय. समोरच्या दातांबाबत हे एक वेळ चालेल, ते ६-८ व्या वर्षी पडतातच. पण पाच वर्षांच्या मुलीची सगळ्यात मागची दुधाची दाढ १०-१२ व्या वर्षापर्यंत टिकायला हवी. ती गेली की सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या पक्क्या दाताची जागा खाते.

हिरडीवर पुवाची पुटकुळी आहे म्हणजे बहुधा मुळांतली नसही मेलेली. तिथे पल्पोटॉमी, म्हणजे फक्त वरची नस काढणं, पुरत नाही. पल्पेक्टॉमी लागते: मुळं साफ करून त्यात विरघळणारी पेस्ट भरतात, बहुतेक कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयडोफॉर्मची. मोठ्यांच्या दातांत भरतात तो गटापर्चा (रबरासारखा, न विरघळणारा पदार्थ) नको. दुधाच्या दाताची मुळं झिजतात, गटापर्चा झिजत नाही आणि पक्क्या दाताची वाट अडवतो. वर स्टीलची कॅप हवीच. हजार-दोन हजार वाचवायला नुसतं फिलिंग केलं की कडेने लाळ झिरपते आणि पू परत.

एक्स-रेत मुळं फार झिजलेली दिसली तर दाढ काढावी लागते. तेव्हा जागा राखायचं विचारा. मागची पक्की दाढ अजून आली नसेल तर साधा बँड-लूप (शेजारच्या दाढेवर बसवलेली, जागा राखणारी तारेची कडी) उपयोगाचा नाही, डिस्टल शू (हिरडीत शिरून, न आलेल्या दाढेला पुढे सरकू न देणारी पट्टी) लागतो.

अँटिबायोटिकने दातातला जंतुसंसर्ग जात नाही. गालावर सूज, ताप असेल तरच ते, तेही उपचाराच्या जोडीला. सूज डोळ्याकडे चढली किंवा गिळताना त्रास झाला तर थेट हॉस्पिटल.