बाहेरची माणसं वाढली की देशाची ओळख पुसते, की नवी घडते?

शंकासूर

परवा एका जुन्या मित्राशी चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं सरळ आहे: देश म्हणजे एक भाषा, एक इतिहास, एका रक्ताची माणसं. बाहेरचे प्रमाणाबाहेर आले की मागे उरतो तो नुसता पासपोर्ट. मी विरोध केला, पण "विविधता हीच ताकद" असलं काही म्हटलं की तो लगेच विचारतो, "कुठे? दाखव."

तर इथल्या जाणकारांनो, तत्त्वज्ञान नको. एखादा देश घ्या. तिथे बाहेरून माणसं आली, मग काय झालं, 'आपण' म्हणजे कोण हे बदललं का आणि बदललं तर कुणी बदललं, एवढं सांगा.

परदेशी_पावणी

जर्मनीत राहते आणि नव्याने आलेल्यांना जर्मन शिकवते, म्हणून तिथलंच सांगते. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

तुमच्या मित्राची व्याख्या जर्मनीने १९१३ च्या कायद्यात चक्क लिहून ठेवली होती. बाप जर्मन तर मूल जर्मन. जन्म कुठे झाला, मूल बोलतं काय, याला किंमत शून्य.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. १९५५ मध्ये इटलीशी करार झाला, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी. तुर्की कामगारांना आधी दोनच वर्षं ठेवायचं ठरलं होतं. पण हाताखाली तयार झालेला माणूस परत पाठवायचा आणि नवा तयार करायचा, हे मालकांनाच परवडेना. १९६४ मध्ये ती अट गेली. पुढे १९७३ मध्ये तेलसंकटाच्या सुमारास सरकारने भरतीच बंद केली. आता संख्या घटणार असा हिशेब होता, झालं उलटं. एकदा गेलो तर परत घेणार नाहीत हे कळल्यावर पुष्कळजण गेलेच नाहीत. बायकामुलांना इकडेच बोलावून घेतलं. थोडक्यात, बंदीनेच त्यांना कायमचं केलं.

खरी गंमत पुढे आहे. त्यांची मुलं बर्लिनमध्ये, कोलोनमध्ये जन्मली, तिथल्याच शाळांत शिकली आणि कागदोपत्री परकीच राहिली. इकडे सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथून जर्मन वंशाची माणसं आणि त्यांचे कुटुंबीय येऊ लागले, सगळे मिळून वीस लाखांच्या वर. कित्येकांचे पूर्वज अठराव्या शतकात रशियातल्या व्होल्गा नदीकाठी जाऊन वसलेले. तरुणांपैकी अनेकांना जर्मन धड बोलता येत नव्हतं, तरी कायद्याने त्यांना जर्मन मानलं. म्हणजे कोलोनच्या बोलीत कचाकचा भांडणारी तुर्की मुलगी परकी आणि बेकरीत बोट दाखवून पाव मागणारा सायबेरियाचा पोरगा आपला! मित्राला विचारा, यातलं जर्मन कोण? रक्त म्हणाला तर एक उत्तर येतं, भाषा म्हणाला तर दुसरं. त्याने तर दोन्ही एकाच दमात सांगितलंय.

कायदा बदलायला २००० साल उजाडलं. तेव्हाचा नियम असा: आईवडिलांपैकी एकजण आठ वर्षं (२०२४ पासून पाच) रीतसर राहत असेल तर इथे जन्मलेलं मूल जर्मन. त्यातही मेख होतीच. १९९९ मध्ये हेसेन राज्याच्या निवडणुकीआधी दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली, मोहीम काढणारा पक्ष जिंकला आणि तडजोड म्हणून या मुलांवर मोठेपणी दोनपैकी एक पासपोर्ट निवडायची सक्ती आली. २०१४ मध्ये ती बरीच सैल झाली, २०२४ मध्ये गेली. म्हणजे नियम तयार व्हायलाच एक पिढी गेली.

माझ्या वर्गात एक तुर्की आजी आहेत. नवऱ्यामागोमाग १९७२ मध्ये आल्या, सगळी हयात सुट्या भागांच्या कारखान्यात गेली. नामाची लिंगं आणि विभक्ती आल्या की वही मिटून टाकतात. पण कामाची पाळी, जादा तास, पगारचिठ्ठी, आजारपणाची रजा, हे सगळं वर्गाला त्याच शिकवतात आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले की पास. संविधान कोणत्या साली आलं हे त्यांच्या लक्षात राहत नाही. बर्लिनची भिंत कधी पडली हे मात्र पक्कं माहीत, कारण त्यानंतर पूर्वेकडून नवे कामगार येणार आणि आपल्या नोकऱ्या जाणार, अशी धास्ती कारखान्यात पसरली होती. स्थलांतरितांना स्थलांतरितांची भीती वाटते, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. २०२४ च्या कायद्याने त्यांच्या पिढीला ही परीक्षा माफ केलीय, रोजचं बोलता आलं की पुरे. तरी येतात. "माफी नको, मार्क हवेत," म्हणाल्या.

जुना_वाचक

पावणीताई, तपशील झकास, पण कायदा बदलला म्हणून माणूस 'आपला' होतो हे काही पटत नाही. फ्रान्स बघा. १९५८ च्या संविधानाचं पहिलंच कलम मूळ, वंश, धर्म न बघता समता देतं. जनगणनेत वंशाचा रकाना नाही, धर्माचाही नाही. २००७ मध्ये वांशिक आकडेवारीला वाट करून देणारी तरतूदसुद्धा तिथल्या संविधान परिषदेने रद्द केली. कागदावर याहून उदार काय असणार? तरी २००५ मध्ये उपनगरं तीन आठवडे पेटली होती आणि पेटवणाऱ्यांतली बरीच पोरं स्थलांतरितांची, पण जन्माने फ्रेंच होती. आडनाव बघून अर्ज बाजूला पडतो अशी ओरड करावी, तर जनगणनेतून ते मोजायची सोयच नाही!

१९९८ च्या फुटबॉल विश्वचषकात अल्जीरियाहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा झिदान, त्याने अंतिम सामन्यात दोन गोल मारले तेव्हा सगळा देश 'आपण' झाला होता. २००२ मध्ये स्थलांतरविरोधी ल पेन अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचले. चार वर्षं टिकलं बघा ते 'आपण'. शंकासूर, तुमचा मित्र अगदीच चुकीचा नाही.

मचवा

तुम्ही दोघांनीही असे देश घेतलेत जिथे आधीपासून कुणीतरी 'मूळचे' आहेत. मॉरिशस घ्या. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा बेटावर वस्तीच नव्हती. त्यामुळे फ्रेंच मळेवाले, आफ्रिका-मादागास्करहून आणलेले गुलाम, १८३४ पासून करारावर आलेले भारतीय मजूर (त्यांत मराठीही होते) आणि चिनी व्यापारी, सगळेच बाहेरचे. मूळचा कोण, हा वादच संपला.

भांडणं संपली का? छे. संविधानातच समाजांचे चार कप्पे आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले 'सर्वसाधारण'. निवडणुकीत एखादा समाज कमी निवडून आला तर भरपाई म्हणून हरलेल्यांतून आठपर्यंत जास्तीच्या जागा भरतात. त्याला आधार १९७२ च्या जनगणनेचा, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद केलं. १९९८ मध्ये तर नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला म्हणून तमिळ समाज भडकला आणि नोटा मागे घेऊन पुन्हा छापाव्या लागल्या. आणि घरीदारी बहुतेक सगळे बोलतात ती क्रिओल, ती त्या नोटांवर कुठेच नव्हती! माझ्या मते मॉरिशसची ओळख त्या नोटेपेक्षा या क्रिओलमध्ये जास्त आहे. आणि ती कुणी ठराव करून आणलेली नाही.

शंकासूर

सर्वांचे आभार. सायबेरियाचा प्रश्न मित्राला पाठवलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. ताई, जुना_वाचकांच्या मुद्द्यावर काय म्हणाल? आणि आगाऊपणा वाटला तर सोडून द्या, पण तुम्ही स्वतः ती परीक्षा दिलीत का?

परदेशी_पावणी

जुना_वाचक काका, कायद्याने मनं बदलतात असं मी म्हटलंच नाही. माझं म्हणणं इतकंच की 'जर्मन कोण' हे आलेल्यांच्या संख्येने ठरलं नाही, इथल्यांनी आपसात भांडून ठरवलं. १९९९ ची ती मोहीम म्हणजे जर्मनांचं जर्मनांशीच भांडण होतं. हवं तर तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. तुर्की वंशाचा फुटबॉलपटू मेसुत ओझिल इथेच जन्मलेला, २०१४ चा विश्वविजेता. २०१८ मध्ये "जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित" या अर्थाचं बोलून संघ सोडला. पण ही तक्रार नीट ऐका. परका माणूस असं म्हणत नाही, तो फार तर वाईट वागवलं म्हणतो. हरल्यावरही मला आपला म्हणा, असं घरचाच माणूस म्हणतो.

शंकासूर, परीक्षा दिली, पास झाले. अर्ज केलेला नाही. जर्मनी आता दोन्ही पासपोर्ट ठेवू देते, पण आपला कायदा देत नाही. इकडचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. मग मिळतं ते ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओळखपत्र; त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते, मत देता येत नाही. सध्या कर भरते तिथे मत नाही आणि मत आहे तिथे राहत नाही. नवरा म्हणतो, भरून टाक. माझं अजून ठरत नाहीये.