चिलेटिंग एजंटला 'उतारा' म्हणावं का?

शिशाची विषबाधा झालेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी मराठीत माहितीपत्रक करतेय, चिलेटिंग एजंटपाशी, म्हणजे शरीरातलं शिसं पकडून बाहेर काढणाऱ्या औषधापाशी अडलेय. विषहारक, शोधक, उतारा असे शब्द सुचलेत. उतारा सगळ्यात आपला वाटतो, चालेल का?

— उतारा मलाही आवडतो पण इथे नको, कारण उतारा पडला म्हटलं की विष उतरलं, काळजी मिटली असंच ऐकणाऱ्याला वाटतं. चिलेटिंगमधला मूळ शब्द 'चिलेट' ग्रीक 'खेले'वरून आलाय, म्हणजे खेकड्याची नांगी. १९२० मध्ये मॉर्गन आणि ड्रू यांनी तो रसायनशास्त्रात आणला. खेकडा नांगीच्या चिमटीत कसा धरतो, तसा औषधाचा रेणू शिशाला एकापेक्षा जास्त बाजूंनी धरतो आणि ती जोडगोळी लघवीवाटे बाहेर पडते. शिसं मरत नाही, पकडून बाहेर काढलं जातं, तेही सगळं नाहीच, हाडांत मुरलेलं बरंचसं तिथेच राहतं आणि औषध थांबलं की हळूहळू रक्तात येतं, म्हणून पातळी परत चढते. मेंदूची झालेली हानीही याने भरून येत नाही. मी तर सरळ 'धातू पकडणारं औषध' लिहीन. डिटॉक्स मात्र अजिबात नको, त्या शब्दाने लोक मनानेच घ्यायला लागतात.

— पटलं. औषधांची नावं मग छोटी करून लिहू ना, नुसतं ईडीटीए वगैरे?

— नका हो, प्लीज! शिशासाठी वापरतात ते कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. त्यातला 'कॅल्शियम' गळला की उरतं डायसोडियम ईडीटीए, आणि ते वेगळंच औषध आहे, ते रक्तातलं कॅल्शियमच पकडून नेतं, हृदय बंद पडू शकतं. या अदलाबदलीत लहान मुलं दगावलीयत. त्यामुळे नाव लांबलचक झालं तरी पूर्ण लिहा. याच कामाचं दुसरं औषध म्हणजे तोंडाने घ्यायचं सक्सिमर, तिथे हा घोळ नाही.

आणि अजून एक, 'शिसं' म्हटलं की आपल्याला आधी शिसपेन्सिल आठवते. तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. ही एक ओळ पत्रकात हवीच, नाहीतर आया मुलांच्या हातातल्या पेन्सिली काढून घेतील आणि खिडकीच्या जुन्या रंगाचे पोपडे, ज्यात खरंच शिसं असू शकतं, ते तसेच राहतील. शिसं येतंय कुठून ते बंद केल्याशिवाय कुठलंही औषध पुरं पडत नाही, तेव्हा ती ओळ औषधांच्या वर टाका.