'हेमाडपंती' म्हणणं सोडायचं का?

सिन्नरकर: परवा पाहुण्यांना आमच्या सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात नेलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "हे हेमाडपंती बरं का." लगेच जीभ चावली, कारण सध्या मंदिर-स्थापत्याचे अभ्यासक मधुसूदन ढाकी (१९२७–२०१६) वाचतोय. मूळचे पोरबंदरचे, शिकले पुण्यात फर्ग्युसनला, तेही भूगर्भशास्त्र आणि रसायनशास्त्र! पुढे मात्र भारतीय मंदिर-स्थापत्याच्या ज्ञानकोशाला जन्म वाहिला. गुजरात-राजस्थानातल्या देवळांना राजघराण्याच्या नावाने 'सोळंकी शैली' म्हणणं त्यांना पटेना. राजा पैसे देतो, दगड घडवतो कारागीर. आणि त्याची हातोटी राज्याच्या वेशीवर अडत नाही. मारवाडकडची आणि गुजरातकडची घडण अकराव्या शतकात एकजीव झाली, म्हणून त्यांनी नाव दिलं 'मरु-गुर्जर'. मग आपण यादवांच्या एका प्रधानाचं, हेमाद्री ऊर्फ हेमाडपंताचं, नाव दिसेल त्या काळ्या देवळाला का डकवतो? अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६०. हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी! सरळ 'भूमिज' म्हणा, ते शिखराच्या घडणीवरून पडलेलं नाव.

गवंड्याचा नातू: गावात 'भूमिज देऊळ कुठंय' विचारा, कोण रस्ता दाखवतं बघू. आमचे आजोबा बिनचुन्याच्या दगडी कामाला हेमाडपंती म्हणायचे, मग ते देऊळ असो की बारव. ते बांधायच्या रीतीचं नाव आहे, सालाचं नाही. आणि ढाकी थोर असतील, पण वाचवत नाहीत हो. वेदिबंध, फांसना, संवरणा... इंग्रजी वाक्याला संस्कृतचं ओझं.

सिन्नरकर: वेदिबंध म्हणजे जोत्याचे थर; खुर, कुंभ, कलश ही त्या थरांची नावं शिल्पग्रंथांतली. इंग्रजाला जड जातील, आपल्याला का जावीत?

मूर्तिवेडी: नातवाचं निम्मं पटतं. पण बारव आणि गोंदेश्वर दोन्ही हेमाडपंती, तर शिखराबद्दल त्या शब्दाने काय कळलं? काहीच नाही. सिन्नरकर, तुम्हालाही एक चिमटा: 'मरु-गुर्जर' हे नाव तरी कारागिरांनी कुठे दिलं? ते ढाकींचंच. 'भूमिज' मात्र 'समरांगणसूत्रधार' या जुन्या शिल्पग्रंथातच आहे, त्यामुळे आपली बाजू उलट भक्कम. शिखरावर चार बाजूंना खालपासून वर गेलेल्या लता, म्हणजे उभे पट्टे, आणि दोन लतांमध्ये चिमुकल्या शिखरांच्या ओळीवर ओळी, वर जातील तशा लहान होत. एक ओळ म्हणजे एक भूमी.

गवंड्याचा नातू: बरं. मग गोंदेश्वराला भूमी किती, ते मोजून सांगा. तोवर आमचं हेमाडपंतीच.

सिन्नरकर: रविवारी दुर्बीण घेऊन जातो.