बँटम कोंबड्या: गोव्याचा पाऊस कसा काढता? अनुभव लिहा

आपल्याकडे परसात गावठी कोंबड्यांच्या जोडीला आता सिल्की, कोचीन, सेब्राइट, जपानी अशा बुटक्या बँटम दिसू लागल्यात. व्हिडिओ बघून हौस सुटते, पण त्यातले सल्ले बहुतेक थंड आणि कोरड्या मुलखातले असतात. इथे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लाल चिखल, डास आणि परसाच्या गडग्यात राहणारं मुंगूस. ज्यांनी निदान एक पावसाळा काढलाय त्यांनी लिहा. खुराडं कसं बांधलं, अंडी किती मिळतात, आजार कुठले आले, घरच्यांचं काय म्हणणं? 'किती गोड' एवढंच लिहायचं असेल तर फोटोखाली लिहा, इथे नको.

साखळी

सिल्की ठेवायची असेल तर पहिला खर्च छपरावर करा, पक्षी नंतर आणा. बाकी कोंबड्यांच्या पिसांचे बारीक धागे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून पाणी वरच्यावर निथळतं. सिल्कीची पिसं मांजराच्या लवेसारखी मोकळी. एक जोरदार सर आली की पार कातडीपर्यंत भिजते, आणि कातडी काळी! भिजलेली सिल्की पाहून माझ्या जाऊबाईंनी 'हे कसलं जनावर' म्हणून दार लावून घेतलं होतं.

मृगाच्या आधी आम्ही पश्चिमेच्या बाजूला विणलेल्या झावळ्यांचे तट बांधतो. खाली दोन थर चिऱ्यांचा ओटा, त्यावर भाताच्या तुसाचा जाड थर. तूस रोज उलथायचं, ओलं झालेलं काढून माडाच्या अळ्यात टाकायचं. चारी बाजूंनी प्लास्टिक मात्र मारू नका. पाऊस आत येत नाही हे खरं, पण विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो, डोळे पाणावतात आणि कोंबड्या शिंकायला लागतात. छपराखाली वीतभर जाळी उघडी ठेवली की हवा खेळते.

सिल्कीला उडता येत नाही, तेव्हा उंच दांडी बांधून उपयोग नाही. रात्री सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून झोपतात. नेमका तोच कोपरा गळत असेल तर सकाळी रांगेने टॉवेलने पुसत बसावं लागतं. अंडी वर्षाला शंभर-सव्वाशेच्या वर धरू नका, कारण अर्धा वेळ बाईसाहेब खुडूक, म्हणजे अंडी बंद करून उबवायला बसलेल्या.

पणजी, फ्लॅटमध्ये

दोनच माद्या आहेत, कोंबडा नाही. 'कोंबडा नाही तर अंडी कशी?' हे लिफ्टमध्ये सगळ्यांना समजावून झालंय. अंडी येतातच, त्यातून पिल्लं होत नाहीत एवढंच. सोसायटीची परवानगी आधी घ्या, आणि चुकूनही कोंबडा आणू नका. बँटमचा कोंबडा मूठभर असला तरी पहाटे चारला अख्खी इमारत उठवतो.

पेडणे

मी आजारांबद्दल लिहितो, कारण व्हिडिओंत ते कोणी सांगत नाही.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस हवीच. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. अडचण अशी की कुपी शंभराहून जास्त पक्ष्यांची मिळते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. घरात पिल्लं आठ! म्हणून आमच्या वाड्यावर चार-पाच घरं मिळून एकाच आठवड्यात पिल्लं काढतो आणि एक कुपी वाटून घेतो. ती बर्फाच्या डब्यातूनच आणायची, स्कूटरच्या डिकीत तापली की लस वाया.

दुसरं, पावसाळ्यातली रक्ताची हगवण, कॉक्सिडिओसिस. ओल्या, उबदार जमिनीत तिचे जंतू वाढतात आणि आधी पिल्लंच जातात. पिल्लू पिसं फुगवून एका जागी उभं राहिलं, विष्ठेत लाल दिसलं, की त्याच दिवशी पशुवैद्याला विचारून पाण्यातून अँप्रोलियम सुरू करा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

तिसरं, देवी. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या खपल्या धरतात, पसरवतात मुख्यतः डास. विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. खपल्या उपटू नका, काही आठवड्यांत आपोआप गळतात. तोंडाच्या आत पिवळट चट्टे दिसले तर मात्र प्रकरण गंभीर. त्या पक्ष्याला वेगळं काढा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

फोंडा, कुळागरातून

आमच्याकडे जपानी बँटम, आखूड पायांच्या. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटाचं पाणी सतत, त्यात यांचं पोट जमिनीला टेकणार. म्हणून त्या पोफळीखाली नाहीत, मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) सोप्यावर असतात.

नवीन लोकांसाठी एक गोष्ट. आखूड पायाची मादी आणि आखूड पायाचाच नर जमवला, तर साधारण पाव अंड्यांतलं पिल्लू आतच मरतं. तो आखूडपणाचा जनुक आईबाप दोघांकडून आला की जीव जगत नाही. रवणीची (अंडी उबवण्याची), टॉर्च लावून अंडी तपासल्याची किंवा अमावास्येची चूक नसते. एक लांब पायाचा आणि एक आखूड पायाचा अशी जोडी लावा, निम्मी पिल्लं बुटकी निघतात आणि अंडी वाया जात नाहीत. शेजारच्या काकींनी यासाठी नजरही काढली होती.

मडगाव

कॅल्शियमसाठी दुकानातली ऑयस्टर शेलची पिशवी कशाला? तिसऱ्यांचं (शिंपल्यांतल्या मांसाचं) सुकं झाल्यावर शिंपल्या उरतातच. धुऊन उन्हात वाळवायच्या, लोखंडी तव्यावर भाजायच्या, वरवंट्याने भरडायच्या आणि करवंटीत वेगळ्या ठेवायच्या. खाण्यात मिसळू नका, कोंबडी तिला लागेल तेवढंच टिपते. वाढत्या पिल्लांना हे द्यायचं नाही, लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) ही नाही. जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं. नुसत्या कण्या आणि कोंड्यावर ठेवली तर कोंबडी जगते, पण अंडी आटतात. प्रथिनं लागतात. आम्ही उकडलेली सुकी सुंगटं (कोळंबी) चिमूटभर देतो, तेवढ्यासाठी त्या स्वयंपाकघराचा उंबरठा सोडत नाहीत.

अंडं तीस-चाळीस ग्रॅमचं. आमलेटला बाजारच्या दोन अंड्यांच्या जागी ही तीन घ्यावी लागतात. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून एक कोचीन दुपारभर त्यांच्या मांडीवर असते. फिजिओथेरपीवाला सांगतो तेव्हा ते हात हलवत नाहीत, तिला दाणे टाकायला मात्र हलवतात. अंडी नाही दिली तरी ती राहील.

काणकोण

फोंड्याच्या भाऊंना एक विचारायचं होतं, मांगराच्या सोप्यावर रात्री उदमांजर येत नाही? आमच्याकडे कौलं सरकवून आलं. षटकोनी 'चिकन मेश'वर विसंबू नका, ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि खाली वीतभर पुरा, मुंगूस उकरतं. दिवसा शिक्रा आणि भारद्वाज लहान पिल्लं उचलतात. बँटमची पिल्लं इतकी बारीक की कावळ्यालाही जमतं. अजगर दिसला तर मारू नका, वनखात्याला कळवा. आमच्याकडे माणसं आली, घेऊन गेली.

डिचोली

रवण हा बँटमचा खरा गुण. आमच्या गावठी कोंबड्यांची अंडीसुद्धा मी कोचीनखाली घालते. एकवीस दिवस हलत नाही, बँटमची स्वतःची अंडी असली तर कधी एकोणीस-वीस दिवसांतच फुटतात. सातव्या रात्री टॉर्च लावून बघायचं, कोळ्याच्या जाळ्यागत शिरा दिसल्या नाहीत ती काढून टाकायची.

पण वेळ सांभाळा. श्रावणात आमच्या घरी अंडं शिजत नाही, मग साठलेली सगळी रवणीला घालायचा मोह होतो. ती पिल्लं चतुर्थीच्या ओलीत बाहेर येतात आणि पेडण्याच्या भाऊंनी लिहिलंय ती हगवण लागते. मी दसऱ्यानंतर बसवते. जमीन सुकलेली असते आणि तलंगा उन्हाळ्यात अंड्यावर येतात. मधल्या काळात खुडूक मोडायची असेल तर पाण्यात बुडवणं वगैरे छळ नको. तळाला जाळी असलेला पिंजरा टांगून ठेवा, खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत विसरते. सिल्कीचं सांगू शकत नाही, ती पिंजऱ्यातही बसून राहते!

वाळपई, सत्तरी

इतकं सगळं लिहिलंत, पण कोंब्यांचं, म्हणजे नर कोंबड्यांचं, काय करता ते कोणीच लिहिलं नाही. दहा पिल्लं फुटली की पाच तरी कोंबे. दोन मोठे झाले की टाचेच्या काट्यांनी एकमेकांना फाडतात. कोणी 'झुंजीला द्या' म्हणत आला तर सरळ नाही म्हणा, ते कायद्याने बंद आहे आणि तसंही पाहवत नाही. फुकट वाटायला गेलं तर घेणारे सगळे मादीच मागतात. आमच्या वाड्यावर राखण्याला (वाड्याच्या राखणदार देवाला) कोंबा देतात, तेव्हा शेजारी लाल कोंब्याकडे बघत गप्पा मारायला येतो. बँटमचा कोंबा एवढासा, तो राखण्याला पुरणार का यावरही चर्चा झालीय. आणि शागोती करायची म्हटली तर दोन कोंब्यांत एक ताट.

आमच्या घरात एक नियम ठरला होता, नाव ठेवलेला कोंबा कापायचा नाही. हे नातीला कळल्यापासून ती रवणीला घालायच्या अंड्यांवरच पेन्सिलीने नावं लिहिते. सध्या खुराड्यात अकरा कोंबे आहेत. कोणाला हवा असेल तर सांगा, नाव मात्र बदलायचं नाही.