गुडफेलाज : एवढा मोठा दरोडा, मग दाखवला का नाही?

लसूणवाला_कोथरूड :
काल मित्राच्या रूमवर पाचव्यांदा गुडफेलाज बघितला. त्या जेलमधल्या सीनसारखा ब्लेडने लसूण कापायला गेलो तर पाकळी सटकली आणि अंगठा कापला, पण ते जाऊ दे. सगळा गोंधळ ज्या लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीवरच्या दरोड्यामुळे होतो तो दरोडा पिक्चरमध्ये दिसतच नाही ना राव, त्यातला हिरो हेन्री आंघोळ करताना रेडिओवर बातमी ऐकतो आणि बास. हे खरंच घडलेलं का?

पेठेतला :
घडलेलं. ११ डिसेंबर १९७८, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ, जवळपास ५० लाख डॉलर रोख, वर दागिने. खरा हेन्री हिल १९८० ला ड्रग्जच्या केसमध्ये अडकला आणि माफीचा साक्षीदार झाला, मग निकोलस पिलेगी या पत्रकाराने त्याच्याशी बोलून १९८५ ला पुस्तक काढलं आणि त्यावरून हा पिक्चर, १९९० चा. हेन्री त्या रात्री विमानतळावर नव्हताच, आणि गोष्ट तोच सांगतोय, म्हणून कॅमेरापण तिकडे गेला नसावा असं आपलं माझं मत. रॉबर्ट डी निरोने केलेला, दरोडा घडवून आणणारा जिमी म्हणजे खरा जिमी बर्क. दरोड्याबद्दल त्याच्यावर कधी खटलाच झाला नाही, दुसऱ्याच एका खुनाची शिक्षा भोगताना १९९६ ला गेला.

मिसळ_विदाऊट_तर्री :
'मी काय जोकर वाटतो का' टाइपचा तो सीन टॉमी झालेल्या जो पेशी या नटाच्या स्वतःच्या आयुष्यातला आहे. तरुणपणी हॉटेलात वेटर होता, एका गुंडाला कौतुकाने म्हणाला तुम्ही भारी विनोदी आहात, आणि तो भडकला. डायरेक्टर स्कॉर्सेसीने किस्सा ऐकून सीन घातला, टेबलावरच्या बाकीच्यांना आधी सांगितलंच नाही, आणि क्लोजअप टाळले म्हणजे त्यांचे उतरलेले चेहरे फ्रेममध्ये राहतील. परत बघ, पेशीकडे न बघता मागच्या लोकांकडे बघ.
बाय द वे खरा टॉमी चांगला धिप्पाड होता म्हणे.

लसूणवाला_कोथरूड :
आयला, मी आत्तापर्यंत फक्त पेशीलाच बघत होतो. आणि रात्री जेवायला वाढणारी टॉमीची आई?

पेठेतला :
स्कॉर्सेसीची सख्खी आई, कॅथरीन. जेलमध्ये टोमॅटोचा सॉस करणारा म्हातारा, ज्याला कांदे जास्त घालू नको म्हणतात, ते त्याचे वडील. तू लसूण विळीवर चीर, आणि अंगठ्याला हळद लाव.