मदत हवी आहे: ब्लॉडच्या गोळ्या तपकिरी पडतायत, सोमवारी प्रदर्शन

खलबत्ता_पुणे:
कॉलेजच्या प्रदर्शनात 'पांडुरोग आणि लोह' हा भाग आमच्याकडे आहे. फ्रेंच डॉक्टर ब्लॉडची पांडुरोगावरची (रक्त कमी होण्यावरची) 1832ची लोहाची गोळी करून मांडायची आहे. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि पोटॅशियम कार्बोनेट समभाग खललं, डिंक घातला. आधी सगळं पातळ झालं. कशाबशा वळल्या, त्या संध्याकाळी तपकिरी. काय चुकतंय? लवकर सांगा.

सुधा_कोथरूड:
हिराकस कुठली? हिरवी की पिवळट? पाणी किती घातलंत?

अनामिक७:
लोहाच्या गोळीनंतर तासभर चहा नको. लिंबूपाण्यासोबत घ्या.

खलबत्ता_पुणे:
खायच्या नाहीत हो, मांडायच्या आहेत! पाणी थेंबभरही नाही. हिराकस मार्केट यार्डातून, खताची. वर पिवळी पूड होती.

सुधा_कोथरूड:
हे आधी सांगायचं ना. पिवळी पूड म्हणजे हवेने आधीच बिघडलेलं लोह. प्रयोगशाळेतले स्वच्छ हिरवे स्फटिक घ्या. त्यांच्या वजनात सुमारे 45 टक्के पाणी असतं, खलताना तेच सुटतं. शिवाय समभाग घेतलंत की जवळपास निम्मं कार्बोनेट उरतं आणि पावसाळी हवेतलं पाणी ओढत बसतं.

10 ग्रॅम हिराकस 3 ग्रॅम साखरेसोबत बारीक करा, मग ओव्हनमध्ये सुकवून गार केलेलं 5 ग्रॅम कार्बोनेट मिसळा. पातळ होईल, घाबरू नका. घट्ट होईपर्यंत थांबा, मगच डिंकाची पूड. 32 गोळ्या वळा: प्रत्येकीत साधारण 63 मिग्रॅ लोह, ब्लॉडच्या 64च्या जवळ. लगेच छोट्या बाटलीत गच्च भरून बुचावर मेण लावा. साखरेने तपकिरीपणा लांबतो, टळत नाही.

वैद्य_सदाशिव:
एवढा खटाटोप कशाला? मांडूर भस्म (लोखंडाच्या जुन्या मळीचं भस्म) ठेवा. चरकसंहितेत पांडुरोगावर नवायस चूर्ण आहे, त्यात लोहच.

पेठकर:
वैद्यबुवा, विषय ब्लॉडचा आहे. सुरुवातच सांगायची तर फलकावर इंग्रज डॉक्टर सिडेनहॅम हवा, 1681, वाइनमध्ये भिजवलेला लोखंडाचा कीस.

सुधा_कोथरूड:
त्याहून स्कॉटिश डॉक्टर स्टॉकमन घ्या. बुंगेसारखे शरीरशास्त्रज्ञ म्हणत, असेंद्रिय लोह शोषलंच जात नाही, आतड्यातला गंधक बांधण्यापुरतंच ते कामाचं. 1893मध्ये स्टॉकमनने लोहाचं सायट्रेट कातडीखाली टोचलं, आतडं वाटेत आलंच नाही, तरी रुग्णांचं रक्त सुधारलं. आयर्न सल्फाइड पोटातून दिलं, तेही लागू पडलं, आणि ते तर आधीच गंधकाशी बांधलेलं!

पेठकर:
मग 1932चा हीथ, स्ट्रॉस, कॅसल या अमेरिकन डॉक्टरांचा प्रयोगही घ्या. टोचलेलं लोह आणि वाढलेलं हिमोग्लोबिन यांचा हिशेब जुळला.

खलबत्ता_पुणे:
फलक नंतर! पोटॅशियमवालं संपलं. धुण्याचा सोडा चालेल?

सुधा_कोथरूड:
स्फटिकी नको, त्यात आणखी 10 रेणू पाणी, पुन्हा पातळ. निर्जल सोडियम कार्बोनेट 3.8 ग्रॅम घ्या, आणि फलकावर सोडियम लिहा. बाटलीवर 'खाऊ नये' हवंच, लहान मुलांना लोहाने जिवावरची विषबाधा होते.