मदत हवी आहे: उष्णता आणि ओलावा, दोन्हींमुळे वाकणाऱ्या सॉफ्ट ॲक्च्युएटरमध्ये (मोटरशिवाय हालचाल करणाऱ्या लवचीक भागात) दोघांचा वाटा वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज रत्नागिरीजवळ. प्रोजेक्ट आहे हलक्या वस्तू उचलणाऱ्या तीन बोटांच्या ग्रिपरचा. त्यात मोटर नाही, हवेचा पंप नाही. बोट म्हणजे एक पातळ पट्टी, आणि ती आपली आपण वाकते.

80 जीएसएमच्या साध्या कागदावर 8बी पेन्सिलीने यू आकारात दाट गिरवलंय, हे ग्रॅफाइट म्हणजेच हीटर. मागच्या बाजूला पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. वीज दिली की पॉलीप्रॉपिलीन प्रसरण पावतं, कागदातली ओल उडून तो आकसतो, आणि पट्टी कागदाच्या अंगाला वाकते. दमट हवेत बरोबर उलटं होतं. इन्फ्रारेड दिव्याखाली धरली तरी काळं ग्रॅफाइट तापून वाकतेच. ग्राफीन ऑक्साइड किंवा एमएक्सीन या अतिपातळ थरांच्या पदार्थांच्या पट्ट्या जास्त चांगल्या चालतात हे वाचलंय. पण एकाला सल्फ्युरिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेट लागतं, दुसऱ्याला बहुतेक वेळा हायड्रोफ्लोरिक ॲसिड. आमच्या लॅबमध्ये ते करायचं नाही असं गाइड सरांनी सांगितलंय आणि मला ते पटतं.

एप्रिलमध्ये सगळं छान चाललं होतं. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र वीज देण्याआधीच पट्टी चिकटपट्टीच्या बाजूला वळलेली असते. पहिल्यांदा वीज दिली की भरपूर वाकते. बंद केली की काही सेकंदांत थोडी परत येते, मग अडकल्यासारखी थांबते आणि पुढचा बराच वेळ हळूहळू सरकत राहते. ती पुरती परत यायच्या आत पुन्हा वीज दिली तर सुरुवातच दुसऱ्या जागेवरून होते.

तापल्यावर दोन धातूंची जोडपट्टी किती वाकेल याचं टिमोशेंको या अभियंत्याचं 1925चं सूत्र मी वापरतोय. दोन्ही थर सारख्या जाडीचे आणि सारखे ताठ धरले तर वळणाची त्रिज्या = 2 × एकूण जाडी ÷ (3 × प्रसरणातला फरक). माझी जाडी 0.15 मिमी. तापमान 40 अंशांनी वाढलं तर पॉलीप्रॉपिलीनचं प्रसरण ढोबळमानाने 0.4 टक्के, म्हणून त्रिज्या 25 मिमी यायला हवी. प्रत्यक्षात पट्टी याहून खूपच जास्त वाकते. उरलेला भाग ओलाव्याचा असणार, पण तो मोजून कसा दाखवू? आणि उष्णता, ओलावा, प्रकाश, वीज अशी चार उद्दीपनं (पट्टीला वाकवणारी कारणं) रिपोर्टमध्ये लिहिली तर चालेल का?

प्रतिसाद 1

पट्टीचं निरीक्षण फार नीट केलंय तुम्ही. वीज बंद केल्यावर लगेच परत येतो तो बराचसा उष्णतेचा भाग, आणि जो रेंगाळतो तो कागदात परत शिरणाऱ्या पाण्याचा. वेळेनुसार कोनाचा आलेख काढा, त्यात दोन वेगवेगळे उतार स्पष्ट दिसतील.

खात्रीसाठी एक जोडपट्टी करा. कागदाऐवजी ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरवर वापरायची पारदर्शक शीट घ्या. ती पॉलिस्टरची असते, जाडी साधारण तुमच्या कागदाएवढीच, ताठपणाही त्याच्या जवळपास, पण पाणी जवळजवळ पीत नाही. तिच्यावर तीच चिकटपट्टी लावून गरम हवेत त्याच तापमानाला न्या. जेवढी वाकेल तेवढा वाटा उष्णतेचा. पॉलिस्टरही थोडं प्रसरण पावतं, त्यामुळे वाकणं थोडं कमी दिसतं; तेवढं त्यात मिळवायला विसरू नका.

ओलाव्यासाठी झाकण घट्ट बसणारा डबा पुरेसा आहे. तळाशी खायच्या मिठाचा भिजका लगदा ठेवला की 25 अंशांना आतली आर्द्रता 75 टक्क्यांजवळ स्थिरावते. मॅग्नेशियम क्लोराइड ठेवलंत तर 33 टक्के. लगदा पट्टीला लागू देऊ नका. रात्रभर ठेवून बाहेरूनच फोटो काढा. मग बाहेर कितीही पाऊस असला तरी तुमचे आकडे दर वेळी सारखे येतील.

चार उद्दीपनं मात्र लिहू नका, हे मी कळकळीने सांगतो. तुमच्या पट्टीत वीज आणि प्रकाश दोन्ही शेवटी उष्णतेच्याच वाटेने जातात. ॲझोबेंझीनसारखा रेणू असता तर गोष्ट वेगळी होती, तो प्रकाशाने स्वतःच आकार बदलतो; जपानमध्ये संशोधक इकेदांच्या गटाने 2003मध्ये अशी फिल्म प्रकाशाच्या दिशेने हवी तशी वाकवून दाखवली होती. तुमची उद्दीपनं दोन आहेत, आणि दोनच नीट वेगळी करून दाखवली तर काम जास्त भक्कम होईल.

प्रतिसाद 2

कागदाची दिशा तपासली आहे का? कागद तंतूंच्या आडव्या दिशेत कितीतरी जास्त फुगतो. छोटा तुकडा एका बाजूने ओला करा. त्याची गुंडाळी ज्या अक्षाभोवती होते ती तंतूंची दिशा. पट्टीची लांबी त्या दिशेला काटकोनात कापा. तिरकी कापलीत तर पट्टी वाकण्याऐवजी पिळली जाते आणि तिन्ही बोटं तीन दिशांना जातात.

तिसरं, खरोखर स्वतंत्र उद्दीपन हवं असेल तर चुंबक. 2018मध्ये श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत सिलिकॉन रबरात निओडिमियम चुंबकाची भुकटी मिसळून 3.7 मिमी लांबीचा रोबो केला होता. तो चालायचा, लोळायचा, उडी मारायचा, पोहायचासुद्धा, आणि हे सगळं बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रावर. पावसाळी हवेचा अशा रबरावर फारसा परिणाम होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ओएचपी शीट झेरॉक्सच्या दुकानात मिळाली, मिठाचा डबा आज रात्रीच लावतोय. रिपोर्टमध्ये उद्दीपनं दोनच लिहीन. कागदाची दिशा पाहिली: तिन्ही बोटं कागदाच्या एकाच तावातून कापली होती, पण एक आडवं निघालं, म्हणून तेच कमी वाकत होतं.

चुंबकाबद्दल एकच विचारायचंय. भुकटी मिसळलेलं सिलिकॉन पूर्ण पट्टीवर पसरलं तर ती जाड होईल आणि उष्णतेचं वाकणं मरेल. फक्त टोकाला ठिपका दिला तर जमेल का? आणि तो कागदाला धरून राहावा म्हणून खाली काय लावायचं? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.